‘द लाँग गेम’ कसं वाचावं? टेबलावरचा चीन आणि टेबलाबाहेरचा चीन

भारत-चीन संबंधांवर पीएचडी करायची, असं ठरवलेल्या विद्यार्थ्याचा सिनॉप्सिस उघडला की विजय गोखले यांचं ‘द लाँग गेम’ हे पुस्तक संदर्भांत बहुतेक वेळा दिसतंच. दिसायलाही हवं. गोखले १९८१ साली परराष्ट्र सेवेत आले, त्यांना चिनी भाषा येते, २०१६-१७ मध्ये ते बीजिंगला राजदूत होते आणि जानेवारी २०१८ ते जानेवारी २०२० या काळात परराष्ट्र सचिव. २०२१ साली आलेल्या या पुस्तकाचा विषय आहे: चीन भारताशी वाटाघाटी कशा करतो?

अडचण पुढे येते. आपण हे पुस्तक वाचतो, त्यातला युक्तिवाद उचलतो आणि तोच आपल्या संशोधनाचा ‘निष्कर्ष’ म्हणून लिहितो. ‘चीनची वाटाघाटीची एक खास शैली आहे, भारताने ती ओळखली नाही म्हणून तोटा झाला, पुढे ओळखली म्हणून फायदा झाला.’ वाक्य छान आहे, पण व्हायवाला परीक्षकाने ‘हे कशावरून?’ असं विचारलं की पुढे बोलायला काही उरत नाही.

म्हणून आज या पुस्तकाची चिकित्सा करू. माझं म्हणणं थोडक्यात असं: साक्ष म्हणून हे पुस्तक उत्तम आहे, स्पष्टीकरण म्हणून अपुरं आहे. आणि भारत-चीन संबंधांचा जो भाग आपल्याला मुंबईत बसून अभ्यासता येईल, तो या पुस्तकाच्या चौकटीत मावतच नाही.

पुस्तकात आहे काय?

सहा प्रकरणं, सहा वाटाघाटी. पहिली, कम्युनिस्ट चीनला मान्यता देण्याची. ती भारताने ३० डिसेंबर १९४९ ला दिली. दुसरी तिबेटची. तिचा शेवट २९ एप्रिल १९५४ च्या करारात झाला. पंचशील म्हणून तो आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण ब्रिटिशांकडून वारशाने आलेले तिबेटमधले लष्करी पहारे, टपाल-तारसेवा असे हक्क भारताने त्यात सोडून दिले, हे शाळेत फारसं कुणी सांगत नाही. तिसरी मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतरची. चौथी सिक्कीमची: १९७५ चं विलीनीकरण चीनला मान्य नव्हतं, २००३ ते २००५ या काळात ते व्यवहारात मान्य झालं. पाचवी भारत-अमेरिका अणुकरार आणि ६ सप्टेंबर २००८ ला अणुपुरवठादार गटाने दिलेली सूट. सहावी मसूद अझहरला संयुक्त राष्ट्रांच्या यादीत टाकण्याची. ती १ मे २०१९ ला संपली.

शेवटी भारतासाठी धडे आहेत. लिखाण स्वच्छ आहे, पाल्हाळ नाही. नेहरूंच्या काळात निर्णय किती मोजक्या लोकांच्या हातात होता, बीजिंगमधले आपले राजदूत के. एम. पणिक्कर यांच्या मतांना किती वजन होतं आणि सीमेचा प्रश्न न काढताच तिबेटमधले हक्क कसे सोडले गेले, हे नव्या वाचकाला इतक्या नीट सांगणारी पुस्तकं कमी आहेत.

साक्षीपुरावा कोणत्या जातीचा?

पुस्तक वाचताना पेन्सिल हातात घ्या आणि प्रत्येक प्रकरणाच्या कडेला एक शब्द लिहा: ‘कागद’ की ‘अनुभव’?

पहिल्या दोन वाटाघाटी झाल्या तेव्हा गोखले सेवेतच नव्हते. त्या प्रकरणांचा आधार कागद आहेत, आणि ते कागद आज तुम्हालाही मिळू शकतात. नेहरूंचं निवडक वाङ्मय इंटरनेटवर आहे. अवतार सिंग भसीन यांनी १९४७ ते २००० या काळातली भारत-चीन कागदपत्रं पाच खंडांत संपादित केली आहेत. म्हणजे या प्रकरणांतलं प्रत्येक विधान तुम्ही स्वतः तपासू शकता. तपासाच.

शेवटच्या प्रकरणात उलट आहे. मसूद अझहरचं प्रकरण मार्गी लागलं तेव्हा लेखक स्वतः परराष्ट्र सचिव होते आणि एप्रिल २०१९ मध्ये बीजिंगला जाऊन आले होते. खोलीत बसलेल्या माणसाने सांगितलेली गोष्ट मोलाची असतेच. पण ती एका बाजूची असते, आणि दुसऱ्या बाजूचा कागद आज कुणाकडेच नाही. चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाचं अभिलेखागार २००४ पासून काही वर्षं बऱ्यापैकी खुलं होतं, साधारण २०१२-१३ पासून त्यातलं बरंचसं पुन्हा बंद झालं. आपल्याकडे नियमाप्रमाणे २५ वर्षांनी कागद राष्ट्रीय अभिलेखागारात जायला हवेत, प्रत्यक्षात चीनविषयक फायली जपूनच ठेवल्या जातात. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन-ब्रुक्स अहवालही सरकारने अजून अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही.

यातून लिहिण्याचा एक साधा नियम निघतो. ‘चीनला असं वाटत होतं’ हे वाक्य गोखलेंच्या आधारावर लिहू नका. ‘चीनला असं वाटत होतं, असं तेव्हाच्या भारतीय परराष्ट्र सचिवांचं आकलन होतं’ असं लिहा. वाक्य लांब होतं, पण खरं होतं. शिवाय भारतीय अधिकाऱ्यांना चीन कसा दिसत होता, हा स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगा विषय आहेच, आणि त्यासाठी हे पुस्तक प्राथमिक साधन आहे. दुय्यम साधन म्हणून ज्याची नुसती तळटीप देत होतो, तेच प्राथमिक साधन म्हणून वाचलं की हाती कितीतरी जास्त लागतं.

हीच सहा का?

आता मेथडॉलॉजीच्या पेपरात आपण घोकलेला प्रश्न: निवड कशी केली? सहाही प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक वाटाघाटीला शेवट आहे, तारीख आहे. करार झाला, नकाशा आला, सूट मिळाली, नाव यादीत गेलं. जी वाटाघाट सात दशकं संपलेलीच नाही, त्या सीमाप्रश्नाला स्वतंत्र प्रकरण नाही. १९६० ची नेहरू-चौ एन-लाय भेट, १९९३ चा प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर शांतता राखण्याचा करार, २००३ पासूनच्या विशेष प्रतिनिधींच्या फेऱ्या, आणि लेखक बीजिंगला राजदूत असताना २०१७ साली झालेला डोकलामचा पेच, यांतलं काहीच त्या सहात नाही.

लेखकाने काय घ्यावं, काय सोडावं हा त्याचा हक्क आहे, विशेषतः सेवेतली गोपनीयता पाळायची असेल तेव्हा. पण वाचकाने परिणाम ओळखायला हवा. संपलेल्याच वाटाघाटी घेतल्या आणि त्या काळाच्या क्रमाने मांडल्या की आपोआप एक गोष्ट तयार होते: आधी भारत भोळा होता, मग शहाणा झाला. १९५४ ला हरलो, २०१९ ला जिंकलो. यात न संपलेला सीमाप्रश्न घातला, तर ही चढती रेघ इतकी सरळ राहील का? मला तसं वाटत नाही. जून २०२० मध्ये गलवानला २० भारतीय जवान मारले गेले. वाटाघाटीतल्या शहाणपणाच्या आलेखावर ती तारीख कुठे बसवायची, याचं उत्तर या सहा प्रकरणांतून मिळत नाही.

शैली तीच, निकाल वेगळे

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. चिनी वाटाघाटीची शैली म्हणून जे सांगितलं जातं ते साधारण असं: जय्यत तयारी, आधी तत्त्वं मान्य करून घ्यायची आणि तपशील मागे ठेवायचे, समोरच्याला आधी बोलू द्यायचं, वेळेचा दाब त्याच्यावर येऊ द्यायचा. हे सगळं खरं असेल. पण ही शैली सत्तर वर्षं साधारण तीच राहिली असेल, तर तिच्यामुळे १९५४ आणि २०१९ मधला फरक कसा समजणार? जी गोष्ट बदललेली नाही, तिच्यातून बदलाचं कारण सापडत नाही. संशोधनाची पूर्वतयारी करणाऱ्याने हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवावं.

मग दुसरं स्पष्टीकरण उभं करून बघू: चीन एकटा पडला की मागे सरतो, आणि समोरच्याकडे देण्यासारखं काही असलं की सौदा करतो. आता सहा प्रकरणांवरून पुन्हा हात फिरवा. २००८ ला बाकीचे पुरवठादार देश एकेक करून राजी झाले. सूट अडवण्याचा दोष एकट्याने घेणं चीनला परवडणारं नव्हतं. २०१९ ला चीनने मार्चमध्ये नाव रोखलं, त्यानंतर अमेरिकेने ब्रिटन-फ्रान्सच्या पाठिंब्याने थेट सुरक्षा परिषदेत ठरावाचा मसुदा फिरवला. दीड महिन्यात चीनने हरकत मागे घेतली. सिक्कीमच्या वेळी भारताने २००३ च्या जाहीरनाम्यात तिबेट स्वायत्त प्रदेश चीनच्या भूभागाचा भाग असल्याचं मान्य केलं होतं, म्हणजे तिथे देवाणघेवाण झाली. १९९८ नंतर चीनचा सूर मवाळ झाला, त्या काळात जसवंत सिंग आणि स्ट्रोब टालबट यांच्या बोलण्याच्या फेऱ्या चालू होत्या. आणि १९५४ ला? भारताच्या हातात तिबेटमध्ये टिकवता येईल असं फारसं काही उरलंच नव्हतं, सोबतही कुणी नव्हतं.

हे दुसरं स्पष्टीकरणच बरोबर, असा माझा दावा नाही. पण सहाही निकाल ‘शैली’ शब्द न वापरता सांगता येत असतील, तर ‘शैली’ने नेमकं काय समजावलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी तो शब्द वापरणाऱ्यावर येते.

आता शेजाऱ्यांकडे बघा, कारण खरी तुलना तिथे आहे. चीनने म्यानमारशी सीमा करार केला ऑक्टोबर १९६० मध्ये, नेपाळशी ऑक्टोबर १९६१ मध्ये, पाकिस्तानशी मार्च १९६३ मध्ये. नेतृत्व तेच, दशक तेच, वाटाघाटीची घडणही तीच. या देशांशी जमलं आणि त्याच काळात भारताशी युद्ध झालं. टेलर फ्रावेल यांनी २००८ च्या पुस्तकात चीनचे १९४९ नंतरचे २३ भूप्रदेश-वाद तपासले आणि त्यांपैकी १७ वादांत चीनने तडजोड केल्याचं दाखवलं. त्यांचं म्हणणं असं की घरात अस्थिरता असली, विशेषतः तिबेट-शिनजियांगसारख्या सीमाभागात, की चीन शेजाऱ्यांशी तडजोडीला तयार होतो. हे पटो वा न पटो, पण या मांडणीत ‘बदलणारी गोष्ट’ आहे, म्हणून ती तपासता येते. भारत-चीन ही जोडी एकटी घेतली की प्रत्येक गोष्ट चिनी स्वभावाची वाटते. नेपाळ-म्यानमार शेजारी ठेवले की कळतं, स्वभाव एकच असून निकाल वेगळे लागले.

टेबल नसलेली जागा

आता आपल्या गावात येऊ. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात सामंजस्य करारांवर सह्या केल्या. त्यांत चीनशी संबंधित तीन होते: तळेगावला ग्रेट वॉल मोटर्सचा ३,७७० कोटींचा, पीएमआय-फोटॉनचा १,००० कोटींचा आणि हेंगली इंजिनिअरिंगचा २५० कोटींचा. त्याच रात्री गलवानमध्ये चकमक झाली. आठवड्याभरात हे ५,०२० कोटींचे करार ‘जैसे थे’ ठेवले गेले. केंद्राशी बोलून हा निर्णय घेतल्याचं तेव्हाचे उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी सांगितलं. ग्रेट वॉलला जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घ्यायचा होता. परवानगीची वाट बघत तो व्यवहार २०२२ च्या मध्यात संपला, मधल्या काळात कारखाना बंद पडून हजाराहून जास्त कामगार अडकले, आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला.

त्याच जून महिन्यात एमएमआरडीएने चेंबूर-जेकब सर्कल मोनोरेलच्या १० गाड्यांची निविदा रद्द केली. बोली लावणाऱ्या दोन्ही कंपन्या चिनी होत्या. पुढे ते काम हैदराबादच्या मेधा कंपनीकडे गेलं. आणि गंमत म्हणजे घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रोचे डबे, जे २०१४ पासून रोज आपल्याला घेऊन जातात, ते चीनच्या सीएसआर नानजिंग पुझेन कंपनीने बनवलेले आहेत.

या गोष्टींत वाटाघाटीचं टेबल कुठे आहे? कुठेच नाही. चिनी मुत्सद्दी नाही, भारतीय मुत्सद्दी नाही, करार-मसुदा नाही. तरी हे परराष्ट्र धोरणच आहे. एका राज्याचा मंत्री, एक प्रादेशिक प्राधिकरण आणि एक अमेरिकन कंपनी मिळून ते घडवत किंवा भोगत होते. देशांतर्गत राजकारण गोखलेंच्या पुस्तकात येतं, नाही असं नाही; अणुकराराच्या वेळी चीनने इथल्या डाव्या पक्षांमार्फत विरोध उभा करण्याचा प्रयत्न केला, हे त्यांचं म्हणणं बरंच गाजलं. पण तिथेही देशांतर्गत राजकारण म्हणजे दिल्लीचंच राजकारण. तळेगाव त्या नकाशावर नाही.

आणि शेजाऱ्यांचं काय? मार्च २०२० अखेर चीनच्या मध्यवर्ती बँकेचा मुंबईच्या एचडीएफसीमधला हिस्सा १.०१ टक्का असल्याचं शेअर बाजाराला दिलेल्या माहितीतून समोर आलं. १७ एप्रिल २०२० ला केंद्राने ‘प्रेस नोट ३’ काढली: भारताशी जमिनीची सीमा असलेल्या कोणत्याही देशातून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी लागेल. आधी ही अट बांगलादेश आणि पाकिस्तानसाठी होती. आता रोख चीनवर होता, पण नेपाळ, भूतान, म्यानमार, अफगाणिस्तानही त्याच जाळ्यात आले. तीन महिन्यांनी, २३ जुलै २०२० ला, सरकारी खरेदीचा आदेश आला. त्यातही चीनचं नाव न घेता जमिनीची सीमा असलेल्या देशांतल्या कंपन्यांना नोंदणीची अट घातली, राज्यघटनेच्या कलम २५७(१) चा आधार घेऊन राज्यांनाही ती लागू केली. पण या वेळी भारत ज्यांना कर्ज किंवा विकासमदत देतो, त्या देशांना वगळलं.

इथे थांबा. सरकार एक, वर्ष एक, चीनबद्दलची चिंता एक. गुंतवणुकीच्या नियमात नेपाळ-भूतान चीनसोबत बसवले, खरेदीच्या नियमात बाजूला काढले. का? घाईत राहिलं म्हणून? चिनी पैसा नेपाळमार्गे येईल अशी भीती होती म्हणून? दोन मंत्रालयांनी दोन नियम लिहिले म्हणून? की शेजाऱ्यांनी तक्रार केली म्हणून? वाढत्या महासत्तेसाठी आखलेलं धोरण तिच्या आणि आपल्या मधल्या छोट्या देशांवर कसं आदळतं, हे बघायला इतकी सुटसुटीत तुलना पुन्हा मिळणं कठीण. आणि ‘चिनी वाटाघाटीची शैली’ हा शब्द इथे काहीच कामाचा नाही.

मग करायचं काय?

विषय म्हणून ‘भारत-चीन संबंध: एक अभ्यास’ असं लिहू नका. वरच्यासारखा एक फरक शोधा आणि त्याचं कारण विचारा. साधनं सांगतो. दोन्ही आदेश सरकारी संकेतस्थळांवर आहेत. संसदेतली प्रश्नोत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर शोधता येतात. २०२० नंतर चिनी गुंतवणुकीवर भरपूर प्रश्न विचारले गेले. कंपन्यांची भागधारणा दर तिमाहीला शेअर बाजार जाहीर करतो. माहिती अधिकारात परराष्ट्र मंत्रालयाकडे अर्ज केलात तर कलम ८(१)(अ) दाखवून नकार यायची शक्यता मोठी, पण निविदेच्या फायलीसाठी एमएमआरडीएकडे अर्ज करून बघण्यासारखा आहे. आणि मुलाखती? अंधेरीच्या एमआयडीसीत, मुलुंड-घाटकोपरच्या छोट्या कारखान्यांत चीनमधून सुटे भाग मागवणारे लोक आहेत. नियम बदलला तेव्हा त्यांनी काय केलं, हे त्यांच्याइतकं नीट दुसरं कुणी सांगणार नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. मोनोरेलची निविदा ‘गलवानमुळे’ रद्द झाली असं पटकन लिहू नका. बोली लावणारे सतत अटी बदलून मागत होते, असंही कारण तेव्हा देण्यात आलं होतं. तारखा जवळ असल्या म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. तोच नियम जो आपण गोखलेंना लावला, तो स्वतःलाही लावायचा.

शेवटी, हे सगळं का महत्त्वाचं? २०२४-२५ मध्ये चीनबरोबरच्या व्यापारातली भारताची तूट सुमारे ९९ अब्ज डॉलर होती. इतक्या मोठ्या नात्याबद्दल आपण जे लिहितो ते मुख्यतः निवृत्त अधिकाऱ्यांच्या पुस्तकांवर उभं आहे, कारण आपल्यापैकी फार थोड्यांना चिनी येते आणि अभिलेखागारं बंद आहेत. त्या पुस्तकांचा आदर ठेवावा. पण ते अधिकारी ज्या खोलीत बसले होते ती खोली आपल्याला कधीच दिसणार नाही. तळेगावचा कारखाना, मोनोरेलची निविदा, शेअर बाजाराचा तक्ता मात्र दिसतो. ‘द लाँग गेम’ जरूर वाचा, दोनदा वाचा. आणि तिसऱ्यांदा उघडाल तेव्हा शेजारी प्रेस नोट ३ ची प्रत ठेवा.